चवथीला सह्या, डिसेंबरात सावली: वाड्यावर सोलर कसा वाढवायचा

३१ वर्षं मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यात घरोघरचे वीजमीटर वाचले. कोणाचा कुत्रा सकाळी मोकळा असतो, कोणाच्या मीटरसमोर सुक्या नारळांची रास लावलेली असते, कोणाचं बिल वारून तीस वर्षं झालेल्या आजोबांच्या नावाने येतं, हे सगळं अजून पाठ आहे. निवृत्त झाल्यावर वाटलं, या माहितीला आता कोण विचारणार? पण उपयोग झाला तो सोलरसाठी.

आमचा वाडा, म्हणजे गावातली घरांची वस्ती, सावईवेऱ्याच्या अंगाला, कुळागरांच्या (माड-पोफळीच्या बागांच्या) मधोमध. २०२२ साली इथे एकाच घरावर सोलर होता, माझ्या. आज ११ घरांवर आहे. या ११ घरांत मी काय केलं, कुठे आपटलो, आणि तुम्हाला तुमच्या वाड्यावर करायचं झालं तर कुठून सुरुवात करावी, ते लिहितो. स्वतःच्या घरापुरता सोलर बसवायची माहिती कुठेही मिळते. मी लिहितोय तो प्रकार वेगळा आहे: एका घराची अकरा घरं करायची कशी.

मोठ्या जगाचं आधी सांगून टाकतो, म्हणजे मग घरच्या गोष्टींकडे वळता येईल. २०२३ च्या जुलैत जी-२० देशांचे ऊर्जामंत्री आपल्या गोव्यातच जमले होते. २०३० पर्यंत अक्षय ऊर्जेची क्षमता तिप्पट करायची की नाही, यावर इथे त्यांचं एकमत झालं नाही. सप्टेंबरात दिल्लीच्या जाहीरनाम्यात ते 'तिप्पट' आलं, आणि डिसेंबरात दुबईच्या हवामान परिषदेत जवळपास २०० देशांनी ते मानलं. तिप्पट म्हणजे सुमारे ११,००० गिगावॅट. २०२४ च्या अखेरीस जग ४,४४८ वर पोचलं होतं. त्या एका वर्षात ५८५ गिगावॅटची भर पडली, त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा नुसत्या सोलरचा. एवढी भर त्याआधी कुठल्याच वर्षी पडली नव्हती, तरी वेग थोडा कमीच पडला.

एक गिगावॅट म्हणजे ३ किलोवॅटची सव्वातीन लाखांवर घरं. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती. म्हणजे काणकोणपासून पेडण्यापर्यंत झाडून सगळी घरं धरली तरी एखादा गिगावॅट. हे गणित मी वाड्यावर मांडलं तेव्हा कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, "मग आपल्या अकरा घरांनी काय होतंय?" खरं आहे. पण अडलंय कुठे तेही बघा. २०२३ साली आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने हिशेब मांडला होता की जगभरात ३,००० गिगावॅटचे तरी प्रकल्प ग्रिडला (वीजवाहिन्यांच्या जाळ्याला) जोडून मिळावेत म्हणून रांगेत उभे आहेत. त्यांची अडचण पॅनलची नाही, जोडणीची आणि कागदाची आहे. आमच्या वाड्यावरही पॅनल कधी अडलं नाही. अडलं ते नाव, सावली, कौल आणि 'बघूया' या चार ठिकाणी.

पहिलं काम: बिलं मागा, आणि काहींना नको म्हणून सांगा

घरात शिरल्या शिरल्या सोलरचं कौतुक सुरू करू नका. बारा महिन्यांची बिलं मागा. वर्षाचे सगळे युनिट बेरीज करा. आपल्याकडे १ किलोवॅटचा सोलर वर्षाला साधारण १,३०० ते १,४०० युनिट देतो, तेव्हा बेरजेला १,३५० ने भागा. महिन्याला ३०० युनिट वापरणाऱ्या घराचे वर्षाला ३,६०० होतात, म्हणजे पावणेतीन किलोवॅट. त्यांना ३ चा पुरतो. फक्त मे महिन्याचं बिल बघून ५ किलोवॅट गळ्यात मारणारे विक्रेते असतात. एसीच्या महिन्याचं बिल म्हणजे वर्षाचं बिल नव्हे.

ज्या घराचा वापर महिन्याला ७०-८० युनिट आहे त्यांना मी सरळ सांगतो, घाई करू नका. गोव्यात घरगुती वीज इतर राज्यांच्या मानाने स्वस्त, त्यात खालच्या टप्प्याचा दर आणखी कमी. पैसे वसूल व्हायला फार वर्षं जातील. आमच्या वाड्यावर अशा तीन घरांना मी 'नको' म्हटलं. त्या तिघांनीच पुढे माझी सर्वांत जास्त जाहिरात केली. मीटरवाला स्वतःच नको म्हणतो, म्हणजे तो कमिशन खात नाही, एवढं लोकांना कळलं. हा डाव ठरवून टाकलेला नव्हता, पण लागू पडला.

नाव: सगळ्यांत जास्त वेळ इथे जातो

घरावरच्या सोलरला अनुदान देणारी केंद्राची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. अनुदानाचं गणित असं: पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ५०,००० खर्च धरून त्याचे ६० टक्के, तिसऱ्याला ४५,००० धरून ४० टक्के. म्हणून ३०,०००, ३०,००० आणि १८,०००, एकूण ७८,०००. तीनच्या वर कितीही किलोवॅट बसवा, घराला ७८,००० च. पैसे थेट खात्यात येतात, पण बिलावरचं नाव, अर्जावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव एकच असावं लागतं.

आणि आमच्या वाड्यावर निम्म्या घरांचं बिल मेलेल्या माणसाच्या नावाने!

त्यात कोणाचा दोष नाही. आजोबांनी जोड घेतला, बिल येत राहिलं, भरलं जात राहिलं. नाव बदलायला गेलं की भाऊबंदांची ना-हरकत लागते, आणि 'सही दिली तर उद्या घरावरचा हक्क जातो की काय' ही शंका प्रत्येकाच्या पोटात. वीजबिल म्हणजे मालकीचा कागद नव्हे हे मी दहादा समजावतो. तरी सही होत नाही, कारण सही करणारा एक भाऊ ठाण्याला, एक वास्कोला, एक आखातात.

यावर उपाय एकच सापडला: चवथ. गोव्यातला माणूस जगात कुठेही असो, चवथीला मूळ घरी येतो. गणपती एकाच घरात बसतो, त्यामुळे सगळे वारस दीड किंवा पाच दिवस एका छपराखाली असतात. मी जुलैतच वीज खात्याच्या उपविभाग कार्यालयात विचारून कागदांची यादी करतो: मृत्यूचा दाखला, पंचायतीची घरपट्टी भरल्याची पावती, ओळखपत्रं, ना-हरकतीचा मसुदा. मसुदा छापून घरातल्या थोरल्या सुनेकडे देऊन ठेवतो. थोरल्या भावाकडे देत नाही, तो हरवतो. मग आरत्या झाल्या, जेवणं झाली, नेवऱ्यांचं ताट फिरू लागलं की माटोळीखालीच (गणपतीवर टांगलेल्या फळांच्या चौकटीखालीच) बसून सह्या. भांडण करायचं म्हटलं तरी त्या वेळी देवासमोर कोणाला नको असतं. अकरापैकी चार घरांची नावं अशी बदलली.

मुंडकारांच्या घरांचं थोडं निराळं. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारा. १९७५ च्या मुंडकार कायद्याने घरातून हुसकावण्यापासून संरक्षण दिलं, पण मनातली भीती गेलेली नाही. आमच्याकडच्या एका मुंडकाराची वीज त्याच्या नावावर, घरपट्टी त्याच्या नावावर, तरी म्हणे, "भाटकार काय म्हणेल?" मी त्याला घेऊन भाटकाराच्या सोप्यावर जाऊन बसलो. परवानगी मागायला नव्हे, कानावर घालायला. भाटकाराने चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "माझ्या घरावर किती किलोवॅट बसेल?" आज दोन्ही घरांवर आहे.

सावली

हे प्रकरण सविस्तर लिहितो, कारण विक्रेते याला दहा मिनिटं देतात. छपरावर नजर टाकतात, 'एकदम ओपन आहे' म्हणतात आणि निघतात. कुळागरातलं घर कधीच ओपन नसतं.

आधी सूर्याचं ध्यानात घ्या. गोवा साडेपंधरा अक्षांशावर. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्याही उत्तरेला असतो. डिसेंबरात तो दक्षिणेला इतका उतरतो की भर दुपारीही ५१ अंशांवरच असतो. मेमध्ये सावली बघून 'काही अडचण नाही' म्हणणारा माणूस डिसेंबरात फसतो, आणि डिसेंबर-जानेवारी तर आपल्या निरभ्र आकाशाचे महिने. १२ मीटर उंच माड डिसेंबरात दुपारी १२ वाजता साडेनऊ मीटरवर सावली टाकतो. सकाळी नऊला किती लांब टाकत असेल ते बघून घ्या.

रीत सोपी आहे. गच्ची असेल तर खडूने दर तासाला सावलीची कड आखा, जवळ वेळ लिहा. कौलारू घर असेल तर वर चढू नका, कौलं फुटतात. अंगणातली एक जागा ठरवा आणि तिथूनच सकाळी नऊ ते चार दर तासाला छपराचा फोटो काढा. आमच्या शेजारच्या मावशीने हे काम नातवाच्या मोबाइलवर केलं. तुळशीच्या कट्ट्याला टेकून उभी राहायची, म्हणजे जागा चुकत नाही. पहिल्या दिवशी आठपैकी तीन फोटोंत तिचा अंगठाच आला. दुसऱ्या दिवशीचे फोटो इतके चांगले आले की मी ते अजून सगळ्यांना दाखवतो.

त्या फोटोंत अकराला एक रेघ दिसली. पोफळीच्या खोडाची सावली, जेमतेम वीतभर रुंद, सहा पॅनल जिथे बसणार होते त्यातल्या दोघांवरून तिरकी गेलेली. मावशी म्हणाली, "एवढ्याशा रेघेने काय होतंय?" तिला स्लॅब घालताना बघितलेली घमेल्यांची रांग आठवून दिली. वीस माणसं हातोहात घमेली देतायत आणि मधलाच एक थकला, तर त्याच्या पुढचे रिकामे आणि मागचे खोळंबलेले. पॅनलमधल्या चकत्या (सेल) अशाच एकामागून एक जोडलेल्या असतात, आणि सगळी पॅनलंही पुन्हा एका रांगेत. पॅनलच्या पाठीवरच्या डब्यात बायपास डायोड असतात. अडलेला भाग वगळून वीज पुढे नेतात, पण त्या भागाची वीज गेली ती गेलीच.

पोफळ तोडायची नव्हती, ती शेजाऱ्याची. पॅनलं छपरावर हातभर पश्चिमेला सरकवली आणि रेघ सुटली. दुसऱ्या एका घरी माडाची खालची चुडतं पाडेल्याकडून काढून घेतली, तेवढ्यावर भागलं. एका घरी काहीच जमेना, तिथे गोठ्याच्या छपरावर बसवला. आणि एक घर असं होतं की आंब्याने अर्धं छपर दिवसभर झाकलेलं. त्यांनी विचारलं, आंबा तोडू का? मी म्हटलं, सोलर नको, आंबा ठेवा. मानकुराद होता.

कौल: माझ्या घरची फजिती

२०२२ च्या एप्रिलात माझ्या घरावर काम करायला आलेली पोरं गच्च्यांवर काम करून तयार झालेली. कौलारू छपरावर त्यांचं हे पहिलंच घर, आणि ते मला नंतर कळलं. त्यांनी मंगळुरी कौलांनाच ड्रिलने भोकं पाडली, खाली वाशांत बोल्ट घुसवले, वरून सिलिकॉन भरलं. मे महिन्याच्या तापाने सिलिकॉन वाळून सुटलं. ७ जूनच्या रात्री पहिला मोठा पाऊस आला आणि देवघरावर तीन ठिकाणी ठिबकायला लागलं. बायकोने टोप ठेवले. एक समईच्या शेजारी, एक शाळिग्रामाच्या पाटावर. मला काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

दुरुस्ती अशी झाली, आणि पुढच्या सगळ्या कौलारू घरांवर आम्ही हीच पद्धत वापरली. भोकं पडलेली कौलं काढून शाबूत कौलं घातली. वाशाला पट्टीचा हुक बोल्टने आवळला. हा हुक कौलाच्या पोटातून नव्हे, तर दोन कौलं एकमेकांवर येतात त्या फटीतून बाहेर काढला. वरच्या कौलाची आतली कड चिमूटभर घासली की ते पूर्वीसारखं सपाट बसतं. पाण्याच्या वाटेत भोक कुठेच नाही. मग हुकांवर रेल आणि रेलवर पॅनल.

त्याआधी वासे तपासा. ५५० वॅटचं एक पॅनल २८ ते ३० किलोचं, सहांचे पावणेदोनशे किलो होतात; वर वाऱ्याची ओढ निराळी. किंदळीचे जुने वासे अजून लोखंडासारखे असतात, माडाच्या वाशांना मात्र टोच्याने टोचून बघावं. वाळवी वरून दिसत नाही.

आणि शाकारणी विसरू नका. मे महिन्यात कौलं काढून झाडून परत लावायची तर हात पोचला पाहिजे. म्हणून कोन्याजवळ (छपराच्या आढ्यापाशी) दोन फूट मोकळं सोडा आणि पॅनलखाली वीतभर हवा ठेवा. हवा खेळली की पॅनल थंड राहतं, आणि थंड पॅनल वीजही जास्त देतं. आता बऱ्याच जणांनी कौलांवर पत्र्याची शेड घातली आहे. तिथे पॅनल शेडच्या पाइपला धरलेलं हवं. नुसत्या पत्र्याला धरलेलं पॅनल वादळात पत्र्यासकट जाईल.

अर्थिंगवर एक वाक्य: आपला चिऱ्याचा कातळ उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो, त्यात अर्थिंग नीट लागत नाही. तेव्हा खड्डा खोल घ्या, मीटर लावून रीडिंग स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि आभाळातल्या विजेसाठीचं अर्थिंग वेगळं ठेवा, कारण ऑक्टोबरातल्या गडगडाटात त्याचीच परीक्षा होते. हे एक वाक्य नाही झालं, पण असू दे.

आठ घरं एका रविवारी

पहिली तीन घरं एकेकटी झाली आणि प्रत्येकाने वेगळा भाव दिला. पुढच्या आठ घरांना मी एकत्र बसवलं. देवळाच्या सभामंडपात तीन विक्रेत्यांना एकाच रविवारी बोलावलं आणि तिघांनाही एकच कागद भरायला दिला. किलोवॅटमागे भाव किती, हा प्रश्न कागदावर शेवटी. त्याआधी हे: पॅनल भारतीय सेलचं आहे का, कारण नसेल तर अनुदान नाही. स्ट्रक्चर गॅल्व्हनाइज्ड आहे का आणि जस्ताचा थर किती मायक्रॉनचा. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे आहेत का. पॅनलकडून येणारी डीसी वायर तांब्याची, किती चौरस मिलिमीटर. सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे दाबाच्या उसळीपासून बचाव, पॅनलच्या आणि लाइनच्या दोन्ही बाजूंना आहे का. कौल फुटल्यास भरून कोण देणार. आणि पाच वर्षांची देखभाल, जी योजनेतच आहे, ती लेखी देणार का.

तिसऱ्या प्रश्नावर एक जण उठून गेला. बाकी दोघांनी आठ घरांचं काम एकदम मिळतंय बघून भाव आपणहून उतरवला. आम्ही सगळ्यात स्वस्तवाला घेतला नाही. ज्याने 'कौलांचा मला अनुभव नाही, पण हुक दाखवा, मी शिकतो' म्हटलं त्याला काम दिलं.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या. शेवटचा दहावा हिस्सा नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा) बसून फिरायला लागल्यावरच. कर्ज हवं असेल तर सरकारी बँका ३ किलोवॅटपर्यंत तारणाशिवाय कमी व्याजाने देतात. अनुदान येईल या भरवशावर उधार घेऊन ठेवू नका. ते नेट मीटरनंतरच येतं.

आधीच सांगून टाकायच्या दोन गोष्टी

या दोन गोष्टी लपवल्या की तुमचं पाचवं घर होत नाही, कारण चौथं घर शिव्या देत फिरतं.

एक: लाइट गेली की सोलरही बंद. बाहेर लख्ख ऊन आणि घरात पंखा बंद, हे बघून लोक चक्रावतात. पण लाइनवर चढलेल्या लाइनमनच्या अंगावर तुमच्या छपराची वीज येऊ नये म्हणून इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरच्या विजेत बदलणारा डबा) स्वतःला तोडून घेतो. मी ३१ वर्षं लाइनमनांच्या सोबतीने काढली आहेत, मला हे कोणी पटवून द्यावं लागलं नाही. लाइट गेल्यावरही वीज हवी तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, त्याचा खर्च वेगळा.

दोन: पाऊस. माझे ३.३ किलोवॅट मार्चात दिवसाला १४ युनिट देतात, जुलैत सहा, आणि झड लागली की दोन-तीन. नेट मीटरमध्ये जास्तीचे युनिट आर्थिक वर्षाच्या आत पुढे नेता येतात, म्हणून एप्रिल-मेची शिल्लक पावसात उपयोगी पडते. तरी सोलर जुलैत बसवू नका. बसवला की पहिल्याच महिन्यात घरातली माणसं म्हणतात, 'फसलो'. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बसवा, पहिलं बिल हसत हसत येतं आणि ते बिल शेजारी बघतो. कॅलिफोर्नियात यावर रीतसर अभ्यास झालाय की एका गल्लीत सोलर बसला की आसपास तो बसण्याची शक्यता वाढते. आमच्या वाड्यावर त्याला अभ्यासाची गरज लागली नाही. बिलाचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकला की संध्याकाळी दोन फोन येतात.

अकराव्या घराचा ताप

लाइनच्या टोकाच्या घरी सगळं नीट बसलं, पण दुपारी बारा ते दोन इन्व्हर्टर लाल दिवा दाखवून बंद पडायचा. ऐन कमाईच्या वेळी. विक्रेता म्हणाला ग्रिडची चूक. मी व्होल्टमीटर लावला. घराच्या मीटरपाशी २५१ व्होल्ट, इन्व्हर्टरपाशी २५९. आठ व्होल्टांचा फरक घरातल्याच वायरीत! वीज बाहेर ढकलायला इन्व्हर्टरला लाइनपेक्षा थोडा जास्त दाब लावावा लागतो, आणि वायर बारीक-लांब असेल तर फारच जास्त. इन्व्हर्टर गोठ्याच्या भिंतीवर, तिथून मीटरपर्यंत ४० मीटर, आणि वायर अडीचची. ६ चौरस मिलिमीटरची टाकून घेतली. आठाचे तीन व्होल्ट झाले, लाल दिवा गेला. पाचशे युनिटांचं नुकसान एका वायरीपायी झालं असतं, आणि खापर ग्रिडवर फुटलं असतं.

एकाच ट्रान्सफॉर्मरवर सोलर वाढत गेले की दुपारी लाइनचा दाबही वाढतो, हेही खरं. म्हणून अकरा झाल्यावर मी पुढच्या घरांची यादी घेऊन स्वतः कार्यालयात गेलो आणि कोणतं घर कोणत्या फेजवर (लाइनच्या तीन तारांपैकी कोणत्या तारेवर) आहे ते विचारून घेतलं. मीटर वाचणाऱ्याला पोल नंबर पाठ असतात, पण पोलवरच्या फेज नसतात.

मोलेच्या जंगलातून ४०० केव्हीची लाइन न्यायची म्हटल्यावर इथे केवढं आंदोलन झालं ते सगळ्यांना आठवत असेल. तेव्हा 'छपरांवर सोलर लावा, लाइन कशाला' असं मीही बोललो होतो. आज तसं बोलणार नाही. संध्याकाळी सातला आमची अकराही छपरं शून्य असतात आणि दिवे, मिक्सर, टीव्ही बाहेरून सह्याद्री ओलांडून आलेल्या विजेवर चालतात. लाइन कुठून न्यावी हा वाद रास्त आहे. लाइनच नको हे मला आता पटत नाही. दिवसाची वीज रात्रीपर्यंत नेणारी बॅटरी वाड्यापुरती एक घ्यावी, असा विचार आहे, पण त्याचं गणित अजून बसलेलं नाही.

धुण्याचं राहिलं. महिन्यातून एकदा सकाळी ऊन यायच्या आधी साधं पाणी आणि लांब दांड्याचा मऊ मॉप. तापलेल्या काचेवर थंड पाणी नको. पावसाळ्यानंतर पॅनलच्या खालच्या कडेला शेवाळाची हिरवी रेघ धरते, ती हलक्या हाताने काढा; नाहीतर तीही पोफळीच्या सावलीसारखीच वागते.

बाराव्या घराच्या तीन सह्या झाल्यात. चौथा भाऊ कुवेतला आहे, चवथीला येतो म्हणालाय. कागद थोरल्या सुनेच्या कपाटात आहे. पेनं मी दोन दिलीत; गेल्या वर्षी एक ऐन वेळी चाललं नव्हतं.